वाट पाहायला लावणारा माणूस

व्याख्यानमालेत कोठी, हैदराबाद येथे दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित मजकूर

1808 साली मद्रासेत हेन्री रसेल या पंचविशीतल्या इंग्रज अधिकाऱ्याचे जेन कासामेजर या तरुणीशी लग्न झाले. त्या वेळी तिथून उत्तरेला, समुद्रकाठच्या मछलीपट्टणात खैरुन्निसा बेगम त्याच्या आधारावर दिवस काढत होती. ती विधवा होती, वय बावीसच्या आसपास, सोबतीला आई. हैदराबादेत परतायची तिला बंदी होती, आणि ती बंदी ओढवली होती रसेलशी जुळलेल्या संबंधामुळेच. लग्नाची बातमी त्याने तिला स्वतः सांगितली नाही. ते काम त्याने आपल्या भावावर, चार्ल्सवर सोपवले.

प्रेमसंबंधातली भावनिक कुरघोडी आणि माणसाच्या मनातली जवळिकीची ओढ यांचा संबंध काय, हा या व्याख्यानाचा विषय. मानसशास्त्राच्या पुस्तकांत त्याची उदाहरणे बहुधा डेन्व्हर, बाल्टिमोर किंवा लंडनमधली असतात. कोठीत बोलताना इतके लांब जायची गरज नाही. या वस्तीला जिच्यामुळे नाव मिळाले ती रेसिडेन्सीची कोठी खैरुन्निसाच्या नवऱ्याने बांधायला घेतली आणि तिचा जनाना त्याच आवारात होता. आजचा सुलतान बाजार हा मूळचा रेसिडेन्सी बाजार. 1933 साली तो निजामाच्या अमलाखाली परत गेला. विवेकवर्धिनीत शिकलेल्या, इसामिया बाजारातल्या मराठी ग्रंथ संग्रहालयातून पुस्तके घरी नेलेल्या हैदराबादी मराठी माणसांनी ही इमारत पाहिली ती मुलींचे कॉलेज म्हणून. 1949 पासून तिथे मुली शिकत आल्या आहेत, आणि आता त्या कॉलेजाला विद्यापीठाचा दर्जा मिळाला आहे. ज्या वयात खैरुन्निसाचे आयुष्य उलटेपालटे झाले, त्याच वयाच्या मुली रोज त्या फाटकातून ये-जा करतात. म्हणून ही गोष्ट इथे सांगायची.

गोष्टीचा पहिला भाग बहुतेकांना ठाऊक आहे. विल्यम डॅलरिंपल यांच्या 2002 सालच्या ‘व्हाइट मुघल्स’ या पुस्तकाने तो जगभर नेला. जेम्स अकिलीस कर्कपॅट्रिक हा ईस्ट इंडिया कंपनीचा निजामाच्या दरबारातला रेसिडेंट, म्हणजे प्रतिनिधी. खैरुन्निसा ही दरबारातल्या एका मातब्बर इराणी घराण्यातली मुलगी, दिवाण मीर आलमच्या नात्यातली. कर्कपॅट्रिकने तिच्यासाठी इस्लाम स्वीकारला आणि 1800 च्या सुमारास दोघांचा निकाह झाला. कलकत्त्यात गव्हर्नर जनरल वेलस्लीने या प्रकरणाची चौकशी लावली. कर्कपॅट्रिकची नोकरी जाता जाता वाचली. मार्च 1801 मध्ये मुलगा झाला, पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये मुलगी. पडद्यातल्या बेगमेला नव्या कोठीचे पुढचे दर्शन घडावे म्हणून नवऱ्याने जनान्याच्या बागेत त्या इमारतीची छोटी प्रतिकृती उभारली, असे इथे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. प्रतिकृती आजही आवारात आहे.

ही प्रेमकथा सांगताना एक गोष्ट मात्र घाईने ओलांडली जाते. निकाहाच्या वेळी खैरुन्निसा चौदा वर्षांची होती आणि कर्कपॅट्रिक पस्तिशीचा. पुढाकार तिचा होता, असे त्याने आपल्या सावत्र भावाला पत्रातून कळवले. तसे असेलही, पण हे सांगणारा तोच आहे, आणि चौकशीच्या छायेत असलेला माणूस आहे. तिचा आवाज आपल्यापर्यंत जवळजवळ पोचलेलाच नाही. जे कळते ते पुरुषांनी पुरुषांना लिहिलेल्या पत्रांतून. भावनिक कुरघोडीचा अभ्यास करणाऱ्याने प्रत्येक प्रकरणात हे आधी तपासायला हवे की गोष्ट कोण सांगतो आहे आणि कोणाचे म्हणणे नोंदलेच गेलेले नाही.

1805 च्या सप्टेंबरमध्ये दोन्ही मुलांना मद्रासेहून इंग्लंडच्या जहाजात बसवण्यात आले. मुलगा साडेचार वर्षांचा, मुलगी साडेतीनची. कंपनीच्या अधिकाऱ्यांत तशी रीतच होती. मुले विलायतेत शिकली तरच त्यांना तिथल्या समाजात काही स्थान मिळेल, असा हिशेब असे. जहाज सुटण्यापूर्वी मद्रासेत जॉर्ज चिनरी या चित्रकाराने त्यांचे मोठे तैलचित्र रंगवले, आईजवळ मुलांची आठवण राहावी म्हणून. त्यानंतर लवकरच, 15 ऑक्टोबर 1805 रोजी, कर्कपॅट्रिक कलकत्त्यात वारला. मुले गेली, नवरा गेला, आणि खैरुन्निसाने अजून विशीही ओलांडली नव्हती.

इथे जॉन बोल्बी या इंग्रज मनोविकारतज्ज्ञाला बोलवावे लागते.

बोल्बी 1907 साली लंडनमधल्या सुखवस्तू घरात जन्मला. त्या वर्गातल्या रिवाजाप्रमाणे त्याला दाईने सांभाळले. आईची भेट दिवसातून थोडा वेळ. चार वर्षांचा होण्याच्या सुमारास ती दाई घर सोडून गेली आणि थोड्याच वर्षांत त्याला निवासी शाळेत धाडण्यात आले. पुढे डॉक्टर झाल्यावर त्याने चोरी करणाऱ्या 44 मुलांचा अभ्यास 1944 साली प्रसिद्ध केला. जी मुले सर्वांत कोरडी, कोणाशीच जीव न जडणारी होती, त्यांतल्या बहुतेकांची लहानपणी आईपासून दीर्घ ताटातूट झाली होती. 1951 साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी त्याने युद्धात बेघर झालेल्या मुलांविषयी अहवाल लिहिला. त्याचे म्हणणे सरळ होते: मूल आईला चिकटते ते केवळ दुधासाठी नाही. संकटात कोणाकडे धाव घ्यायची हे ठरलेले असणे, ही भुकेइतकीच मूळ गरज आहे. त्या काळच्या इस्पितळांत आजारी मुलांना आठवड्यातून एखाद-दुसऱ्या वेळीच आईबापांची भेट मिळे. बोल्बीचा सहकारी जेम्स रॉबर्टसन याने 1952 साली अशा एका दोन वर्षांच्या मुलीवर लघुपट काढला. ताटातूट झालेले मूल आधी आकांत करते, मग खचते, आणि शेवटी शांत होते. परिचारिकांना ते शेवटचे शांत होणे बरे वाटण्याचे लक्षण वाटे. रॉबर्टसनने दाखवून दिले की मुलाने आशा सोडलेली असते. इंग्लंडमधल्या इस्पितळांत भेटीच्या वेळा हळूहळू वाढल्या त्यात या कामाचा मोठा वाटा आहे. शास्त्राचा असा थेट उपयोग क्वचित होतो, म्हणून तो आवर्जून सांगावासा वाटतो.

बोल्बीची सहकारी मेरी एन्सवर्थ हिने 1954-55 मध्ये युगांडात आणि नंतर बाल्टिमोरमध्ये आया आणि तान्ही मुले यांचे घरी जाऊन निरीक्षण केले. तिने एक छोटा प्रयोग बसवला. वर्षभराचे मूल आईसोबत अनोळखी खोलीत येते, आई थोडा वेळ बाहेर जाते, मग परत येते. एन्सवर्थने सारे लक्ष आई परतण्याच्या क्षणावर ठेवले. काही मुले रडतात, आईला बिलगतात, निवतात आणि पुन्हा खेळायला लागतात. त्यांचा अनुबंध सुरक्षित. काही आईकडे पाहतही नाहीत, खेळण्यातच मान घालतात, ती टाळणारी. काही बिलगतात आणि त्याच वेळी लाथा झाडतात, काही केल्या निवत नाहीत, ती चिंताग्रस्त. अनुबंधाच्या, म्हणजे अटॅचमेंटच्या, ज्या शैली आज कॉलेजातली मुलेही सहज बोलून जातात, त्यांचा उगम इथे आहे. पुढे मेरी मेन आणि ज्युडिथ सॉलोमन यांनी चौथा प्रकार ओळखला, ज्यात आधाराचा माणूस हाच भीतीचे कारण असतो आणि मुलाला कुठे धावावे हेच कळत नाही.

मोठ्या माणसांच्या प्रेमाला हेच लागू पडते का? सिंडी हॅझन आणि फिलिप शेव्हर यांनी डेन्व्हरच्या ‘रॉकी माउंटन न्यूज’ या वर्तमानपत्रात प्रेमाविषयी प्रश्नावली छापली. आलेल्या 620 उत्तरांचा अभ्यास 1987 साली प्रसिद्ध झाला. साधारण 56 टक्के वाचकांनी स्वतःला सुरक्षित गटात घातले, 25 टक्क्यांनी टाळणाऱ्या आणि 19 टक्क्यांनी चिंताग्रस्त. वर्तमानपत्राला आपणहून उत्तरे पाठवणाऱ्यांचे हे आकडे आहेत, साऱ्या मानवजातीचे नाहीत. पण दिशा बरोबर निघाली. मोठी माणसेही आपल्या जोडीदाराकडे संकटात धाव घेतात, त्याच्या दूर जाण्याने कासावीस होतात आणि तो जवळ आहे या खात्रीवर बाकीचे जग अंगावर घेतात.

आता कुरघोडीकडे वळू. जिथे गरज असते तिथेच तिचा गैरफायदा घेता येतो. चिंताग्रस्त माणसाला सोडून जाण्याचे भय दाखवले की तो हवे ते कबूल करतो. टाळणाऱ्या माणसाला कोणी फार जवळ आले की गुदमरायला होते. तो अबोला धरतो, फोन उचलत नाही, भांडण अर्धे टाकून उठून जातो. समोरचा जितका मागे लागतो तितका हा मागे सरतो. दोघांपैकी कोणाचाही हेतू वाईट नसला तरी त्यातून एकाने दुसऱ्याला तडफडत ठेवण्याची घडी बसते.

कुरघोडी नेहमी टाळणाराच करतो, असा मात्र समज नको. न्यूझीलंडमधल्या निकोला ओव्हरॉल आणि तिच्या सहकाऱ्यांनी 2014 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात चिंताग्रस्त जोडीदारांचे वागणे बारकाईने पाहिले. मतभेदाच्या वेळी अशी माणसे आपले दुखावलेपण वाढवून दाखवत आणि समोरच्याच्या मनात अपराधी भावना जागवत. त्याचा तात्पुरता फायदाही होई: समोरच्याला टोचणी लागली की त्याचे आपल्यावर प्रेम आहे, अशी यांची खात्री पटे. पण ज्याला वारंवार अपराधी वाटायला लावले जाते, त्याचे त्या नात्यातले समाधान काळाबरोबर घटत जाई. आपल्या घरांतून हे किती ओळखीचे आहे! आता तुला माझी काय गरज, असे म्हणत ताटावरून उठणारी माणसे साऱ्यांनी पाहिलेली असतात. रुसवा हा प्रेमाचाच भाग आहे. त्यात मनवण्याची वाट मोकळी असते. समोरच्याने किती दिवस आणि कशा अटींवर हात जोडायचे हे एकटाच माणूस ठरवू लागला, की तो रुसवा राहत नाही.

तरीही सगळी कुरघोडी बालपणाच्या जखमांतून येते, असे मानणे चुकीचे आहे, आणि धोक्याचेही. काही माणसे दुसऱ्याला ताब्यात ठेवतात कारण त्यांना तसे करता येते आणि त्याची किंमत मोजावी लागत नाही. इथे पुन्हा हेन्री रसेलकडे यावे लागते.

रसेलचे वडील बंगालचे सरन्यायाधीश. तो स्वतः हैदराबादेत कर्कपॅट्रिकच्या हाताखाली काम केलेला. 1806 साली खैरुन्निसा आईला घेऊन नवऱ्याच्या कबरीसाठी कलकत्त्याला गेली तेव्हा रसेल तिथे होता. परक्या शहरात, शोकात, तिच्या भाषेत बोलणारा आणि तिच्या नवऱ्याला जवळून ओळखणारा माणूस. बोल्बीच्या भाषेत, धाव घ्यायची जागा. तिथे दोघांचा संबंध जुळला. तो उघड झाल्यावर तिला हैदराबादचे दार बंद झाले आणि मछलीपट्टणात राहणे भाग पडले. रसेलला मात्र सगळे रस्ते मोकळे होते. त्याला मद्रासला जाता आले, लग्न करता आले. ते लग्न काही महिनेच टिकले; 1809 मध्ये जेन तापाने वारली. 1811 मध्ये रसेल त्याच कोठीचा रेसिडेंट होऊन आला. खैरुन्निसाला पुढे हैदराबादेत परतता आले, पण ती खचलेलीच होती. 22 सप्टेंबर 1813 रोजी, सत्तावीसच्या आसपासच्या वयात, ती वारली.

रसेल घराण्याची पत्रे आज ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहेत. त्यांत भेटणारा माणूस कोणी खलनायक वाटत नाही. तो हुशार आहे, भावावर जीव लावणारा आहे, स्वतःच्या नजरेत सभ्यही आहे. पण अप्रिय गोष्ट तोंडावर सांगायची वेळ आली की तो मध्ये दुसऱ्याला उभे करतो. त्याला टाळणारा अनुबंध होता का? दोनशे वर्षांपूर्वीच्या माणसाचे पत्रांवरून निदान करणे हे शास्त्र नव्हे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, इथे त्या निदानाची गरजच नाही. त्याच्या वागण्याचा परिणाम काय होईल, हे दोघांच्या हातांत असलेल्या साधनांनी आधीच ठरवले होते. एकाकडे घोडा, पालखी, टपाल, पदवी, भाऊ; दुसरीकडे वाट पाहणे.

खैरुन्निसाला आज एखाद्या प्रश्नावलीवर बसवले असते तर ती बहुधा चिंताग्रस्त गटात पडली असती. पत्र येईल की नाही, तो आपल्याला सोडेल की काय, हा विचार तिच्या मनातून जात नसणार. पण त्यात तिच्या शैलीचा भाग किती? मुले समुद्रापलीकडे, नवरा कबरीत, घराण्याने पाठ फिरवलेली आणि उरलेला एकुलता एक आधार खरोखरच मागे सरत असलेला. तिची चिंता परिस्थितीचे अचूक वाचन होते. या व्याख्यानाचे मुख्य म्हणणे हेच आहे. एखाद्या स्त्रीला किंवा पुरुषाला फार चिकट, फार असुरक्षित असे नाव ठेवण्याआधी त्याला वाट पाहायला कोण लावते आहे ते पाहावे. अनुबंधाची शैली माणसाबरोबर येते हे खरे, पण ती जोडीदाराच्या हातूनही घडते. एका नात्यात निवांत असलेली व्यक्ती दुसऱ्या नात्यात रात्र रात्र जागते, हे कोणताही समुपदेशक सांगेल.

कॅनडातील डोनाल्ड डटन आणि सुसान पेंटर यांनी 1981 साली मांडलेला आणि 1993 साली तपासलेला विचार इथे फार मोलाचा आहे. शारीरिक किंवा भावनिक छळाच्या नात्यातून नुकत्याच बाहेर पडलेल्या 75 स्त्रियांना त्यांनी विचारले, आणि सहा महिन्यांनी पुन्हा विचारले. छळ करणाऱ्याविषयीची ओढ ज्यांच्यात जोरकस टिकून होती, त्यांच्या नात्यांत दोन गोष्टी ठळक होत्या. एक, दोघांच्या ताकदीतली मोठी तफावत. दुसरी, छळाची अनियमितता: आज अपमान, उद्या पश्चात्ताप आणि कमालीचे प्रेम. बी. एफ. स्किनरच्या कबुतरांवरील प्रयोगांनी फार आधी दाखवले होते की, दाणा ठरल्या वेळी न मिळता कधीतरी अचानक मिळाला तर पक्षी टोच मारायचे सोडत नाही. माणूस कबुतर नव्हे, पण अधूनमधून मिळणारे प्रेम सतत मिळणाऱ्या प्रेमापेक्षा घट्ट बांधते, हे दुःखद सत्य दोन्हीकडे सारखे आहे. इतके होऊनही ती त्याला सोडत का नाही, या नातेवाइकांच्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे. तिचा स्वभाव दुबळा असतो असे नाही. ज्याने दुखावले तोच निववणारा असेल, तर दुखावल्यावर पाय त्याच्याकडेच वळतात.

मराठी वाचकाला या संदर्भात आनंदीबाई जोशी आठवाव्यात. 1865 साली जन्मलेल्या आनंदीचे लग्न नवव्या वर्षी गोपाळरावांशी झाले. 11 मार्च 1886 रोजी ती फिलाडेल्फियात डॉक्टर झाली आणि 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यात वारली. गोपाळरावांनी तिला शिकवले हे शाळेच्या पुस्तकांत असते. तिने अमेरिकेतून त्यांना लिहिलेले एक पत्र मात्र कमी वाचले जाते. त्यात ती कोणताही आरडाओरडा न करता मोजून सांगते: दहाव्या वर्षी लाकडाच्या तुकड्यांनी मार, बाराव्या वर्षी अंगावर फेकलेल्या खुर्च्या, पुस्तके आणि सोडून जाण्याची धमकी, चौदाव्या वर्षी आणखी विचित्र शिक्षा. त्यांचे आपल्याशी वागणे चांगले होते की वाईट हे ठरवणे कठीण आहे, असे ती म्हणते. शेवटी जे साधायचे होते ते पाहता ते योग्य वाटते, पण मुलीच्या मनावरच्या परिणामांचा विचार केला तर ते चूकच होते, हे मान्य करावे लागते.

मार आणि फेकलेल्या वस्तू यांच्या जोडीला सोडून जाण्याची धमकी एकाच ओळीत ठेवायचे भान विशीतल्या त्या मुलीला होते. माहेर दूर, वय बारा, सगळे आयुष्य एका माणसाच्या मर्जीवर. अशा मुलीला टाकून देण्याची धमकी देणे हा मारच आहे. बोल्बीने सोडून जाण्याच्या धमक्यांचा मुलांवर होणारा परिणाम 1973 सालच्या ग्रंथात विस्ताराने मांडला. आनंदीबाईंनी त्याच्या जवळजवळ 90 वर्षे आधी तो स्वतःच्या आयुष्यावरून लिहून ठेवला होता. आणखी एक गोष्ट तिच्या पत्रातून शिकावी. नवऱ्याचे उपकार आणि नवऱ्याचा अन्याय या दोन्ही गोष्टी ती एका वेळी हातात धरते. एकीने दुसरी पुसत नाही. छळ झालेल्या माणसाला आपण अनेकदा एकच काहीतरी निवडायला लावतो: तो चांगला की वाईट, ते सांग. बहुतेकांना ते जमत नाही आणि मग त्यांचे बोलणेच खोटे ठरवले जाते.

लहानपणी झालेली ताटातूट माणसाला आयुष्यभर पुरते का? बोल्बीच्या सुरुवातीच्या लिखाणात तसे वाटते. नंतरच्या दीर्घकालीन अभ्यासांनी, विशेषतः 1975 च्या सुमारास सुरू झालेल्या मिनेसोटाच्या अभ्यासाने, चित्र सौम्य केले. बालपणीची शैली आणि मोठेपणचे प्रेम यांच्यात नाते आहे, पण ते सैल आहे. चांगला मित्र, प्रेमळ जोडीदार, एखादी आजी वाट बदलू शकते. खैरुन्निसाची मुलगीच त्याचा पुरावा आहे. नूरुन्निसा, घरातली साहिब बेगम, इंग्लंडमध्ये कॅथरीन ऑरोरा कर्कपॅट्रिक झाली. 1806 साली तिचा बाप्तिस्मा झाला. आईची पुन्हा कधीच भेट नाही. भावाचा 1812 च्या सुमारास अपघातात हात गेला आणि 1828 साली तो वारला. तरुणपणी लेखक थॉमस कार्लाइल तिच्यावर भाळला होता. 1829 साली तिने कॅप्टन जेम्स फिलिप्सशी लग्न केले आणि टॉर्कीला तिचा संसार झाला. तिथे ती 1889 सालापर्यंत जगली.

1840 च्या सुमारास ती इंग्लंडमध्ये रसेलच्या स्वालोफील्ड या घरी गेली. तिथे भिंतीवर तिला चिनरीचे ते चित्र दिसले, आईसाठी काढलेले. ते पाहून ती रडू लागली. चित्र तिथे होते, याचाच अर्थ खैरुन्निसासाठी काढलेली मुलांची शेवटची खूणही अखेर रसेलकडेच गेली होती. या माणसाविषयी जे मत बनवायचे ते या एका वस्तूवरून बनवता येते. पण त्या भेटीतून एक दार उघडले. हैदराबादेत आजी, शर्फुन्निसा, जिवंत असल्याचे तिला कळले. रेसिडेन्सीतल्या डंकन माल्कमच्या मदतीने, फारसीचे इंग्रजी करत, नात आणि आजी यांची पत्रे सुरू झाली आणि काही वर्षे चालली. नातीने लिहिले की निरोपाच्या वेळचे आईचे रडणे आणि ती बसली होती ती जागा तिला अजून दिसते. तेव्हा ती साडेतीन वर्षांची होती.

भावनिक कुरघोडीची दखल आज कायदाही घेतो. भारतात 2005 चा कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांचे संरक्षण कायदा शाब्दिक आणि भावनिक छळाला हिंसाचार मानतो आणि विवाहासारख्या नात्यालाही कक्षेत घेतो. तो 26 ऑक्टोबर 2006 पासून लागू आहे. त्याच्या नियमांतला घटना अहवालाचा नमुना वाचण्यासारखा आहे. भावनिक छळाच्या यादीत चारित्र्यावर आरोप, घराबाहेर पडण्यास किंवा नोकरी करण्यास मनाई, ठरावीक माणसाला भेटू न देणे, इतकेच नाही तर आत्महत्येची धमकीही आहे. तू सोडून गेलीस तर मी जीव देईन, हे वाक्य कित्येक मुली प्रेमाचा पुरावा म्हणून ऐकतात. कायद्याने त्याची जागा ओळखली आहे. पण कायद्याला कडाही आहेत. 2013 साली इंद्रा सरमा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, पुरुष विवाहित आहे हे ठाऊक असूनही त्याच्यासोबत राहिलेल्या स्त्रीचे नाते विवाहासारखे मानायला नकार दिला आणि अशा स्त्रियांच्या प्रश्नाकडे संसदेने पाहावे असे सुचवले. एकत्र घर नसलेल्या प्रेमिकांना तर हा कायदा मुळी लागूच होत नाही. इंग्लंडने 2015 साली जोडीदाराला सतत ताब्यात ठेवण्याच्या वागण्याला स्वतंत्र गुन्हा केले. तिथे एकेका प्रसंगापेक्षा महिनोन्‌महिने चाललेल्या वागण्याच्या साखळीकडे पाहिले जाते.

हैदराबादेत 2014 साली पोलिसांची शी टीम सुरू झाली. फोनवरून, व्हॉट्सॲपवरून होणाऱ्या त्रासाच्या तक्रारीही तिथे घेतल्या जातात. 181 या क्रमांकावर स्त्रियांसाठी मदत आहे. तक्रार घेऊन आलेल्या मुलीकडे बहुधा ठोस असे काही नसते. एका रात्रीत आलेले साठ मेसेज, मग पाच दिवसांची शांतता, मग माफीचा फोन, मग पासवर्डची मागणी. यातली एकेक गोष्ट वेगळी काढली तर क्षुल्लक दिसते. तारखांसह ओळीने मांडली तर डटन आणि पेंटर यांनी सांगितलेली घडी उघडी पडते. म्हणून समुपदेशकाने, मैत्रिणीने, आईबापाने मुलीची शैली कोणती हे शोधण्याआधी एक तक्ता करावा: कोण कधी गप्प झाले, का, आणि बोलणे पुन्हा सुरू होण्यासाठी कोणाला काय कबूल करावे लागले. दोन-तीन महिन्यांचा असा तक्ता समोर ठेवला तर पुष्कळ मुलींना काही समजावून सांगावे लागत नाही. त्या स्वतःच बोट ठेवून दाखवतात.